फरशीवरून पाणी जातंय आणि गाडी फोर बाय फोर आहे, तर न्यायची का?

विचारणाऱ्याची अडचण अशी आहे. नवी थार डिझेल घेतली आहे, माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर दिली आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात, नदीपलीकडे. वाटेत जुनी फरशी, म्हणजे नदीवरचा ठेंगणा काँक्रीटचा पूल आहे आणि पावसाळ्यात अधूनमधून तिच्यावरून पाणी जातं. गुडघाभर पाणी असेल तर गाडी घालावी का, घालायची तर कशी आणि स्नॉर्केल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी) बसवून घ्यावा का, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. फरशीवरून गढूळ पाणी जोरात वाहत असेल तर गाडी घालू नका, पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी. अलीकडे थांबा. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. त्या जितक्या झटकन चढतात तितक्याच झटकन उतरतात. वर घाटात पाऊस थांबला की बहुतेक ओढे काही तासांत फरशीखाली जातात. पाणी संथ असेल, तळ माहीत असेल आणि तुम्ही स्वतः चालत पलीकडे जाऊन आला असाल, तर गाडी नेता येते. ती कशी न्यायची ते पुढे सविस्तर सांगतो. पण आधी त्या ६५० चं बघू, कारण बहुतेकांची गाडी त्या आकड्यावर विश्वास ठेवून पाण्यात जाते.

आकडा खोटा नाही. फोर्स गुरखाचा ७०० आहे, टोयोटा हायलक्सचा ७००, लँड रोव्हर डिफेंडरचा ९००. पण हे सगळे आकडे साचलेल्या पाण्याचे आणि कमी वेगाचे आहेत. इतक्या उंचीपर्यंत इंजिनाला आणि विजेच्या भागांना धोका नाही, एवढंच ते सांगतात. गाडी जागेवर टिकेल की नाही, याबद्दल त्या आकड्यात काहीच नाही. आणि वाहत्या पाण्यात माणसं इंजिन बंद पडल्यामुळे कमी आणि गाडी जागेवरून हलल्यामुळे जास्त जातात.

ढोबळ हिशोब करून बघू. तुमची गाडी जेमतेम ४ मीटर लांब आणि दोन माणसं धरून १.९ टनांच्या आसपास. पाणी चाकांपुरतं आहे तोवर वजन जवळपास पूर्ण रस्त्यावर असतं. ते गाडीच्या तळाला लागलं की गणित बदलतं. तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरलं तर तळाच्या वर चढलेल्या प्रत्येक १० सेंटिमीटर पाण्यामागे गाडी ५०० किलोने हलकी होते, आत पाणी शिरेपर्यंत. हल्लीच्या गाड्यांची दारं आणि रबरं चांगली बसतात, त्यामुळे आत पाणी शिरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गाडी होडी असते. ६५० मिलिमीटरला रस्त्यावर जेमतेम निम्मं वजन उरलेलं असतं. इंजिन पुढे असल्याने मागची बाजू आधी उचलली जाते, आणि वाहून गेलेल्या बहुतेक गाड्यांचं शेपूट आधी फिरलेलं दिसतं ते यामुळेच.

आता आडवा प्रवाह घ्या. गाडीच्या बगलेला दीड चौरस मीटर भागावर पाणी आदळतंय असं धरा. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा असेल, तर रेटा ८० ते ९० किलोचा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घरात. तिप्पट झाला की साडेसातशे. आणि टायर काय धरून ठेवणार? फरशीवर शेवाळ असेल तर उरलेल्या वजनाच्या जेमतेम तीस टक्के पकड मिळते. एक टन वजन रस्त्यावर उरलं असेल तर पकड ३०० किलोची, समोर रेटा साडेतीनशेचा. गाडी सरकली. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शिअल लॉक असो, मड टायर असोत, फोर-लो म्हणजे चारही चाकांना मंद पण जोरदार गिअर असो, यातलं काहीही या वजाबाकीत येत नाही. फोर बाय फोर तुम्हाला पुढे ढकलायला मदत करते, आडवं सरकण्यापासून वाचवत नाही. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर बाकी उत्तर वाचलं नाही तरी चालेल.

पाण्याचा वेग मोजायला काही यंत्र लागत नाही. काठाने १० मोठी पावलं मोजा, साधारण ८ मीटर होतात. वरच्या खुणेला वाळकी काटकी टाका आणि खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. ८ सेकंद लागले तर वेग १ मीटर. ४ सेकंदात आली तर २ मीटर, आणि तिथे विषय संपला. काटकी काठाजवळच्या संथ पाण्यात न टाकता मध्यधारेत पडेल अशी टाका. दुसरी गोष्ट, पाण्याच्या कडेला, अगदी जिथे पाणी संपतं तिथे, एक दगड ठेवा आणि १० मिनिटं थांबा. दगड बुडाला तर पाणी चढतंय. चढत्या पाण्यात कधीही शिरू नये, कारण पलीकडे पोहोचलात तरी परत येता येणार नाही. पाण्याचा रंग अचानक लाल-तांबडा झाला, पाचोळा आणि ओल्या फांद्या वाहत येऊ लागल्या, तर वर घाटात जोराचा पाऊस झालेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. वर धरण असेल तर विसर्गाची सूचना आली आहे का ते गावात विचारा. खाडीजवळच्या गावांना भरतीचं वेळापत्रकही बघावं लागतं, कारण भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही आणि ते तुंबतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मुसळधार पावसाच्या जोडीला भरतीही होती.

फरशीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण आपल्याकडे पाण्यातून जाणं म्हणजे बहुतेक वेळा फरशीवरून जाणंच असतं. फरशी काँक्रीटची असते, सरळ असते, रोजच्या वाटेवरची असते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण तिला खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे पडतं त्या बाजूला, धबधब्यासारखी धार लागलेली असते. ती धार वर्षानुवर्षं तळ खणते आणि तिथे पुरुष-दोन पुरुष खोल डोह झालेला असतो. त्याच धारेने फरशीच्या पोटाखालची माती निघून जाते. वर काँक्रीट दिसतं, खाली पोकळ. एखादा कोपरा पुराच्या रात्री तुटून गेलेला असतो आणि सकाळी तीच वाट नेहमीसारखी दिसते. रुंदी जेमतेम एका एसटीची, कठडे नाहीत, कडेचे पांढरे दगड पाण्याखाली. तीन मीटर रुंदीच्या पट्टीवर गाडी अर्धा मीटर सरकली की मागचं चाक कडेवर येतं. नदीपात्रात अर्धा मीटर सरकणं परवडतं, फरशीवर परवडत नाही. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये, ही सार्वजनिक बांधकाम खात्याची पाटी सगळीकडे असते आणि तिला इतकी सवय झालेली आहे की कोणी वाचत नाही. त्या पाटीत लिहिलंय ते शब्दशः खरं आहे.

तुमची फरशी रोजच्या वाटेवरची आहे, तर एप्रिल-मे मध्ये एकदा वेळ काढून तिच्याखाली उतरा. मोऱ्यांमध्ये अडकलेली लाकडं आणि गाळ बघा, खालच्या कडेला काँक्रीट अधांतरी दिसतंय का ते बघा, मधली जागा दोन्ही टोकांपेक्षा किती खाली आहे ते मोजा. बऱ्याच फरश्या मध्ये खोलगट असतात, त्यामुळे काठावर घोट्याएवढं दिसणारं पाणी मध्ये मांडीपर्यंत असतं. ग्रामपंचायतीला सांगून दोन्ही टोकांना फूट-फूट अंतरावर रंगाच्या खुणा असलेला खांब उभा करून घेतलात तर तुमच्याबरोबर गावाचाही फायदा होईल.

गोव्यात कुळे इथून दूधसागरला जाणाऱ्या जीप बघा. ती वाट जंगलातून जाते आणि मध्ये ओढे आडवे येतात. जीपवाले वर्षानुवर्षं तेच ओढे ओलांडतात, कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूने चाक घालायचं हे त्यांना पाठ असतं. तरीही पावसाळ्यात ती फेरी बंद असते आणि पाणी उतरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. ज्यांचं पोट त्या ओढ्यांवर आहे आणि ज्यांच्याइतका तो तळ कोणाला माहीत नाही, त्यांच्याच गाड्या त्या दिवसांत उभ्या असतात.

आता न्यायची कशी. धरा की पाऊस उघडला आहे, ओढा संथ आहे, तळ दिसतोय किंवा चाचपता येतोय. आधी चालत जायचं. हातात माणसाच्या उंचीची काठी, पायात बूट, चप्पल नको. जिथून डावं चाक जाणार तिथून जायचं आणि जिथून उजवं चाक जाणार तिथून परत यायचं. काठी प्रत्येक पावलाला टेकवायची. टणक कातळ असेल तर काठीचा आवाज येतो, गोटे असतील तर ती घसरते, गाळ असेल तर रुतते आणि उपसताना ओढून धरते. गाळात वीतभर काठी रुतली तर तिथे गाडी बसणार. पाणी मांडीला लागलं किंवा पाय ओढला जातोय असं वाटलं तर मागे फिरायचं. जिथे चालत जायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालायची नाही, या नियमाला अपवाद नाही. बाहेर पडायचा काठही बघायचा. उतरणं सोपं असतं, पण समोरचा काठ उभा आणि निसरडा असेल तर ओल्या टायरनी गाडीची चाकं जागेवरच फिरत राहतात आणि मागचा भाग पाण्यात असतो.

पात्रात वाट निवडताना अरुंद जागेचा मोह टाळा. नदी अरुंद झाली की तेवढंच पाणी खोल आणि वेगवान होतं. जिथे पात्र पसरट आहे, पाण्यावर बारीक खळखळ दिसतेय, तिथे उथळ असतं. काळंशार, गुळगुळीत पाणी म्हणजे डोह. वाट प्रवाहाला काटकोनात न धरता थोडी खालच्या अंगाला तिरकी धरावी, म्हणजे पाणी बगलेवर कमी आदळतं आणि गाडीला पुढे जायला मदत करतं. त्यासाठी पलीकडचा चढायचा काठ अलीकडच्यापेक्षा थोडा खाली हवा.

पाण्यात शिरण्याआधी गाडी पाच-दहा मिनिटं उभी करा. लांबून आलेल्या गाडीचे डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्स तापलेले असतात. ते एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या, नळीतून पाणी आत ओढलं जातं. तेवढ्या वेळात बाकी तयारी होते. मागच्या टो हुकला दोर आधीच बांधा आणि त्याचं दुसरं टोक वर आणून खिडकीतून आत ठेवा. गाडी बंद पडल्यावर कमरेएवढ्या गढूळ पाण्यात हूक चाचपत बसण्याची वेळ मग येत नाही. काचा पूर्ण खाली, दारांचं आपोआप लागणारं लॉक बंद, सीटबेल्ट सोडलेले. एसी बंद. इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय गाडीत असेल तर ती आठवणीने बंद करा, नाहीतर मध्येच वेग कमी झाला की इंजिन स्वतःहून थांबायचं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांना चालत ओलांडता येणार नाही असं कोणीही गाडीत नको. पाणी बोनेटच्या तोंडाला लागणार असेल तर पुढच्या जाळीवर जाड ताडपत्री आडवी बांधतात, त्याने इंजिनच्या कप्प्यात पाणी हळू शिरतं. हा उपाय फक्त गाडी पुढे जात असतानाच चालतो.

फोर-लो टाका, साध्या गिअरच्या गाडीत पहिला किंवा दुसरा. तळ गोट्यांचा असेल तर पहिला, सपाट असेल तर दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने पहिल्यावर धरून ठेवा. पाण्यात उतरताना अगदी हळू, पुढचा बंपर पाण्याला टेकेपर्यंत माणसाच्या चालीपेक्षाही कमी. मग थोडा जोर वाढवा, भरभर चालण्याइतका. समोर एक लाट तयार होते आणि तिच्यामागे, म्हणजे बोनेटखाली, पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा खाली राहते. ही लाट बंपरच्या जरा पुढे टिकवून धरणं, हे सगळं कौशल्य आहे. जास्त जोर केला तर पाणी बोनेटवर उडतं आणि हवेच्या तोंडातून आत जातं. मध्येच पाय सोडला तर लाट मागे फिरते आणि थेट इंजिनवर येते. म्हणून एकच वेग, एकच गिअर. क्लचला हात-पाय लावायचा नाही, म्हणजे शब्दशः डावा पाय बाजूला ठेवायचा. पाण्यात अर्धा क्लच दाबला की प्लेटांमध्ये पाणी आणि गाळ शिरतो, ती घसरायला लागते आणि इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही. ॲक्सिलरेटर मात्र हलका दाबलेला राहू द्या. सायलेन्सर पाण्याखाली असला तरी चालू इंजिनचा धूर पाण्याला आत येऊ देत नाही.

समोरची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय तुम्ही शिरू नका. तिच्या लाटा असतात, ती अडकली तर तुम्ही मध्येच अडकता, आणि मग मदत करायला काठावर गाडी उरत नाही. शहरातल्या साचलेल्या पाण्यातही हेच. मुंबईत अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी संथ असतं, पण समोरून आलेल्या ट्रकची लाट तुमच्या एअर फिल्टरच्या तोंडाएवढी चढते, आणि पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं.

मध्ये गेल्यावर अंदाज चुकला असं वाटलं तर वळायचा प्रयत्न करू नका. वळताना बगल प्रवाहाला लागते आणि चाकं न तपासलेल्या जागी जातात. आलात त्याच रेघेने रिव्हर्स या. तळ ओळखीचा आहे, तेच महत्त्वाचं.

इंजिन बंद पडलं तर किल्ली फिरवू नका. बटण असेल तर बटणाला हात लावू नका. इथे माणसं घाबरून जी एक कृती करतात त्यानेच इंजिन जातं. कारण समजून घ्या. २.२ लिटरच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनात एका सिलिंडरची जागा ५५० मिलिलिटर. पिस्टन वर येतो तेव्हा ती सोळाव्या भागाएवढी उरते, म्हणजे जेमतेम ३५ मिलिलिटर. दोन-अडीच मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन वेगात फिरत असताना पाणी ओढलं गेलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेरही येतो. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे ही जागा थोडी जास्त असते, पण फार नाही.

म्हणून गाडी आधी दोराने किंवा विंचने बाहेर ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवून. कोरड्यावर आली की एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडा. फिल्टर हातात घ्या, खालची बाजू बोटाने दाबा, डब्याच्या तळाशी बघा. फिल्टर कोरडा, डबा कोरडा, तर इंजिन कदाचित विजेच्या कारणाने किंवा गिअर चुकल्याने थांबलं आहे, मग एकदा चालू करून बघता येतं. फिल्टर ओला असेल किंवा डब्यात थेंब जरी दिसले, तर तिथून पुढे मेकॅनिकचं काम. डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, पेट्रोलला स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर पडू द्यायचं, ऑइल बदलायचं, मगच स्टार्टर. दोन दिवस जातील, इंजिन वाचेल.

आणि गाडी हललीच, प्रवाहाबरोबर सरकायला लागली, तर गाडी वाचवायचा विचार तिथेच सोडा. स्टिअरिंगचं काम संपलेलं असतं. तळाच्या वर अर्धा मीटर पाणी दाराला सव्वाशे किलोने दाबतं, त्यामुळे दार उघडण्याच्या नादी न लागता खिडकीतून थेट टपावर जा. काचा आधीच खाली ठेवायला सांगितलं ते याचसाठी. विजेच्या काचा पाण्यात कधी बंद पडतील सांगता येत नाही. काच वर राहिली असेल तर बाजूच्या काचेचा कोपरा फोडा, पुढची काच फुटत नाही, तिला मध्ये प्लास्टिकचा थर असतो. काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नको. गाडीत पाणी शिरतंय म्हणून घाबरू नका, आत पाणी आलेली गाडी जड होते आणि बऱ्याचदा थांबते. गाडी कुठे टेकून थांबली असेल आणि टप पाण्यावर असेल तर टपावरच बसून राहा. पोहत जायचा प्रयत्न शेवटचा.

लडाख-स्पितीकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच. ग्रांफू-बातलच्या वाटेवरचे आणि पँगाँगच्या वाटेवरचे नाले बर्फाच्या पाण्याचे आहेत. दिवसभर ऊन पडलं की ते दुपारी चढतात आणि रात्री गोठून पहाटे सर्वात कमी असतात. तिथे सकाळी लवकर ओलांडणं हाच मोठा उपाय. पाणी दुधी असल्याने तळ दिसत नाही, गोटे मोठे असतात आणि गारठ्यामुळे माणूस पाण्यात पाच मिनिटंही नीट उभा राहू शकत नाही. आपल्या ओढ्यांचा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नका.

पाण्यातून बाहेर आलं की काम संपत नाही. पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये हळू चालवत ब्रेक हलका दाबून धरा, ते वाळेपर्यंत लागत नाहीत. मागे ड्रम असतील तर त्यात वाळू अडकते, तिचा खरखर आवाज येतो, मग ड्रम उघडून धुवावे लागतात. रेडिएटरच्या जाळीतला पाचोळा आणि चिखल काढा, नाहीतर पुढच्या घाटात तापमानाचा काटा वर जाईल. घरी गेल्यावर डिपस्टिक ओढून बघा. ऑइल काळं असेल तर ठीक, दुधी, फेसाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी मिसळलं आहे आणि गाडी चालू करायची नाही. दोन्ही डिफरन्शिअल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ऑइलचंही तसंच, त्यांचा फिलर बोल्ट सोडून बोटाला लागलेलं ऑइल उजेडात बघायचं. हे कोणी करत नाही आणि सहा महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं तेव्हा पाण्याची आठवण कोणाला नसते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडांना ग्रीसचे निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून टाका. खाडीचं, खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, चॅसिसच्या भोकांमध्ये नळी घालून.

आता स्नॉर्केल. तो नीट बसवलेला असेल तर चांगली वस्तू आहे, पण बरेच स्नॉर्केल नुसतेच पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला स्क्रूने लावलेले असतात. आतली नळी एअर फिल्टरच्या डब्याला घट्ट जोडलेली नसते, डब्याचं पाणी काढायचं भोक तसंच उघडं असतं आणि हवा खालूनच जाते. बसवलाच तर इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलचं तोंड तळहाताने पूर्ण झाका. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालू राहिलं तर कुठूनतरी दुसरीकडून हवा येते आहे, म्हणजे पाणीही तिथूनच जाणार. आणि तो व्यवस्थित बसला तरी ६५० चे ९०० होत नाहीत. अल्टरनेटर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), फ्यूजचा डबा आणि वायरिंगचे जोड तिथेच असतात जिथे होते, आणि गाडीचं तरंगणं तर अजिबात बदलत नाही. स्नॉर्केलचा खरा उपयोग धुळीच्या रस्त्यावर, लाटेचं पाणी उडतं तेव्हा आणि एखाद्या अचानक आलेल्या खड्ड्यात होतो.

तुमच्या जागी मी असतो तर पैसे आधी दुसरीकडे घातले असते. डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या नळ्या बोनेटच्या उंचीपर्यंत वाढवून घेतल्या असत्या, हे काम स्वस्त आहे आणि रोजच्या पाण्यात ते जास्त उपयोगी पडतं. एक चांगला, गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा दोर आणि तो गाडीला अडकवायचे दोन शॅकल घेतले असते. आणि विम्याचा कागद काढून वाचला असता. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान मिळतं, पण पाणी आत ओढून इंजिन फुटलं तर बहुतेक वेळा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला असेल तर त्यावरूनही दावा अडतो. ते कलम नूतनीकरणाच्या वेळी घेता येतं. तुमची पॉलिसी नवीन आहे, म्हणजे एजंटला आजच फोन करून ते आत आहे का एवढं विचारून घ्या.